दीडशे लिटरचा संसार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या निमित्तानं दर रविवारी कुणीतरी अर्धा तास बोलायचं असं ठरलं. डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले, गुरुजी ज्ञानेश्वरीवर बोलले. माझ्याकडं सचिवांनी बँकिंगवर बोलण्याचा आग्रह धरला. मी म्हटलं, छत्तीस वर्षं बँकेत काढली, आता व्याजदरावर बोलायला लावू नका. त्यापेक्षा अमेरिकेतल्या जंगलात आम्ही एका गाडीत राहिलो, त्याबद्दल बोलतो. सचिव म्हणाले, "बोला, पण सोसायटीच्या उपयोगाचं काहीतरी येऊ द्या." ते येईल. शेवटी येईल, तोवर धीर धरा.

२०१९ साली आमच्या मुलाकडं डेन्व्हरला गेलो होतो. डेन्व्हर हे कोलोरॅडो राज्याचं राजधानीचं गाव. त्याची उंची ५,२८० फूट, म्हणजे साधारण १,६०९ मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे तिथले लोक जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर भाजी आणायला जातात, असं समजा. सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. मुलानं विचारलं, "बाबा, आरव्हीनं डोंगरात जाऊ या का? तीन रात्री. पण हुकअप नसलेल्या ठिकाणी."

आता आरव्ही म्हणजे काय ते सांगतो. घर बसवलेली मोटार. एसटीपेक्षा आखूड, टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा लांब-रुंद. आमची पंचवीस फुटी होती, भाड्यानं घेतलेली. आत दोन पलंग, जेवायचं टेबल (रात्री त्याचाही पलंग होतो), गॅसची शेगडी, फ्रीज, बेसिन, संडास आणि उभं राहण्यापुरती न्हाणी. अमेरिकेत अशा गाड्या लावायला खास तळ असतात. तिथं गेलं की गाडीला बाहेरून तीन जोडण्या द्यायच्या: नळाची, विजेची आणि ड्रेनेजची. यालाच ते हुकअप म्हणतात. जोडणी दिली की गाडीचं घर झालं. नळ सोडा, एसी लावा, टीव्ही बघा.

पण ज्यांना खरं जंगल पाहिजे, ते अशा तळावर थांबत नाहीत. ते सरकारी वनात आत जातात. तिथल्या वनखात्याची स्थापना १९०५ सालची. त्या वनांत बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करू देतात. नळ नाही, वीज नाही, संडास नाही, पहारेकरी नाही, फोनला रेंज नाही. जे लागेल ते बरोबर न्यायचं आणि जे उरेल ते, कचऱ्यासकट, बरोबर आणायचं. या प्रकाराला ते 'ड्राय कॅम्पिंग' म्हणतात, म्हणजे कोरडा मुक्काम. परभणीकराला कोरडेपणाची नवी ओळख कशाला हवी? मी लगेच हो म्हणालो. सौभाग्यवतींनी मात्र दोनच प्रश्न विचारले. संडास कसा आहे, आणि अस्वलं आहेत का? मुलानं सांगितलं, संडास बरा आहे, आणि अस्वलं आहेत.

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालो. अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडं गेलो आणि लेडव्हिल नावाच्या गावात चहा प्यायलो. हे गाव दहा हजार फुटांवर आहे. या गावाची गोष्ट रौप्यमहोत्सवात सांगायलाच हवी, कारण हे गाव रुप्याचंच. १८८० च्या सुमारास चांदीच्या खाणींमुळं इथं पंधरा हजारांच्या आसपास वस्ती झाली. होरेस टेबर नावाच्या दुकानदाराला चांदीनं इतकं दिलं, की त्यानं गावात ऑपेरा हाऊस बांधलं. ते आजही उभं आहे. मग १८९३ साल आलं. त्या वर्षी जूनमध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या. जगातला एवढा मोठा गिऱ्हाईक बाजारातून उठला, चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला आणि कोलोरॅडोच्या खाणींना कुलपं लागली. पाठोपाठ अमेरिकन सरकारनंही चांदीची खरेदी थांबवली. टेबरसाहेब कफल्लक झाले. आज त्या गावात तीन हजारही माणसं नाहीत. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीचा निर्णय आणि सातासमुद्रापलीकडच्या डोंगरातलं गाव ओस! बँकेत असताना हे पुस्तकात वाचलं होतं, तिथं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गावाचा सगळा जीव एका साठ्यावर होता. साठा खाणीत होता तसाच राहिला, पण आधार गेला.

लेडव्हिलच्या दक्षिणेला ट्विन लेक्स नावाचे दोन जोडतलाव आहेत. त्यांच्यावर माउंट एल्बर्ट, १४,४४० फूट, रॉकी पर्वतातलं सर्वांत उंच शिखर. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवा, तरी ते वर उरेल. तिथल्या सॅन इसाबेल राष्ट्रीय वनात, साडेनऊ हजार फुटांच्या आसपास, कच्च्या रस्त्यानं आत जाऊन पाइनच्या झाडांत आम्ही गाडी लावली. मुलानं इंजिन बंद केलं. मंडळी, इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आपल्या कानांना सवयच नाही. थोड्या वेळानं पानांची सळसळ ऐकू यायला लागली. ती अ‍ॅस्पेनची झाडं. पांढऱ्या सालीची, सप्टेंबरात पानं पिवळीधमक होणारी. वाऱ्याची झुळूक नसली तरी पान हलतं, अगदी आपल्या पिंपळासारखं. सूनबाईंनी सांगितलं, की या झाडांचं अख्खं बन पुष्कळदा एकाच मुळातून उगवलेलं असतं. खोडं शेकडो, मूळ एक. मी म्हटलं, ही खरी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. मेंटेनन्सची थकबाकी मात्र नसणार!

आता मुद्द्यावर येतो. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासाची. स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी झाली की मुक्काम संपला. सांडपाण्याची किंवा संडासाची भरली तरी मुक्काम संपला, कारण त्या जंगलात जमिनीवर काहीही ओतायचं नाही. भाताचं पाणीसुद्धा नाही. म्हणजे पाणी जितकं खर्च कराल तितकंच पलीकडं जमा होतं. एका खात्यातून काढलं की दुसऱ्यात दिसलंच पाहिजे. दुहेरी नोंद! आम्ही माणसं पाच, रात्री तीन. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळ्या दोन कॅनमध्ये, अडतीस लिटर. सगळं मिळून माणशी दिवसाला साडेबारा लिटर.

हा आकडा किती लहान आहे ते बघा. आपल्याकडं शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरनं करतात. त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही हे कमी.

गाडीतल्या टाकीला काटा नसतो, चार दिवे असतात. भरलेली, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. एवढ्यावर माझ्यासारख्याचं समाधान कसं व्हावं? मी डायरी काढली आणि लेजर मांडलं. ओपनिंग बॅलन्स १५० लिटर. संडासाला पायानं दाबायचा खटका असतो, दाबला की अर्धा-पाऊण लिटर पाणी येतं. घरी आपल्या फ्लशला एका वेळी आठ-दहा लिटर जातात. आपल्या लोकांना कागद चालत नाही, तेव्हा अर्ध्या लिटरचा एक मग ठेवला, त्याचाही खर्च धरला. भांडी आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. पाच माणसांची दिवसाची भांडी बारा लिटरमध्ये. अंघोळ तीन दिवसांत एकदाच. अंग भिजवलं की नळ बंद, साबण लावायचा, मग परत सोडायचा. मापून बघितलं, एका माणसाला सहा लिटर. आपण लहानपणी एका तांब्या-बादलीत अंघोळ करत होतो, तेव्हा मला काही जड गेलं नाही. जड गेलं सात वर्षांच्या नातीला. पहिल्या दिवशी दात घासताना तिनं नळ सोडूनच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या डायरीतला आकडा बघितला. तिसऱ्या दिवशी मीच हात धुवत होतो, तर मागून आवाज, "आजोबा, नळ!"

नातीला कुणी भाषण दिलं नाही. आकडा दिसला, एवढंच झालं.

विजेचंही तसंच. गाडीत बॅटरी असते, तिच्यावर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. फ्रीज, शेगडी आणि हिटर गॅसवर. पण हिटरची गरम हवा ढकलायला पंखा लागतो आणि तो बॅटरीच खातो. जनरेटर आहे, पण तो गाडीच्याच पेट्रोलवर चालतो. पेट्रोल पाव टाकीवर आलं की तो आपोआप बंद पडतो, माणसाला परत जाता यावं म्हणून. ही व्यवस्था मला फार आवडली. मोडता येणार नाही असा राखीव निधी! रात्री जनरेटर लावायचा नाही असंही आधीच ठरलं होतं. पाहिजे तिथून शेजारी दोनशे मीटरवर होते, पण त्या शांततेत आवाज दूर जातो.

दुसऱ्या रात्री बाहेर पारा दोन अंशांवर उतरला. आपल्या कृषी विद्यापीठात डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी असते. इथं तर सप्टेंबर होता. मुलानं हिटर कमीवर ठेवला, बॅटरी सकाळपर्यंत टिकावी म्हणून. तेव्हा सौभाग्यवतींनी बॅगेतून गोधडी काढली. परभणीहून निघताना त्या गोधडीच्या वजनावरून आमचा वाद झाला होता. तेवीस किलोत गोधडी कशाला, असं माझं म्हणणं. त्या रात्री नात आणि आजी एका गोधडीत होत्या आणि मी तो वाद मनातल्या मनात मागं घेतला.

स्वयंपाकाची एक गंमत सांगतो, महिला मंडळाच्या उपयोगाची आहे. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, कारण हवेचा दाब कमी. त्यामुळं उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तास-दीड तास ठेवली तरी दाणा कच्चाच. आणि गॅस जळतो तो वेगळाच. सूनबाईंनी प्रेशर कुकर आणला होता. साडेनऊ हजार फुटांवर कुकरची शिट्टी वाजली, तेव्हा लांबच्या गाडीतले गोरे आजोबा बाहेर येऊन बघायला लागले. नंतर ते वरण-भात खाऊन गेले. ज्वारीची भाकरी मात्र जमली नाही. पीठ अमेरिकेतलं होतं, असं सौभाग्यवती म्हणतात.

त्या दिवसांत पितृपक्ष चालू होता. माझ्या वडिलांची तिथी नेमकी तिसऱ्या दिवशी आली. सौभाग्यवतींनी सकाळी वरण-भात-खिरीचं पान वाढलं आणि कावळ्यासाठी बाहेर ठेवायला निघाल्या. मुलानं अडवलं. "आई, अन्न बाहेर ठेवायचं नाही. वास गेला की अस्वल येतं. आणि एकदा अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली, की शेवटी त्यालाच मारावं लागतं." नियम कडक होता आणि कारण पटण्यासारखं होतं. पण वडिलांचं पान गाडीत, आणि बाहेर फांदीवर राखाडी रंगाचा एक पक्षी मान वाकडी करून बघतोय. मला थोडं भरून आलं. माझे वडील जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातले. त्यांनी आयुष्यभर आडाचं पाणी शेंदून काढलं. पोहऱ्यातून सांडलेलं पाणी तुळशीला जाईल अशी दगडाची पन्हाळी त्यांनी स्वतः बसवली होती. शेवटी सौभाग्यवतींनी पानावर पाण्याचं बोट फिरवलं, खिडकीतून त्या पक्ष्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "मामंजींना समजेल. पाणी राखणारा माणूस होता." आम्ही ते पान पाचांत वाटून खाल्लं. पानात शीत शिल्लक ठेवलं नाही.

तिसऱ्या रात्री लेजर बंद केलं. क्लोजिंग बॅलन्स आठ लिटर.

परतीच्या वाटेवर खरी परीक्षा होती. टाक्या रिकाम्या करायला ठिकठिकाणी डम्प स्टेशन असतात. पैसे भरायचे, हातमोजे घालायचे, जाड नळी गाडीला आणि जमिनीतल्या झाकणाला जोडायची. आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुऊन निघते. ते काम ज्याचं त्यानंच करायचं असतं. बंगला असलेला डॉक्टर असो की ड्रायव्हर असो. मी मुलाला म्हटलं, नळी मी धरतो. तो नको नको म्हणत होता. मी धरली. सत्तरी गाठत आलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं, की आपल्या कुटुंबाचा तीन दिवसांचा ऐवज किती असतो आणि तो कुठं जातो. इतकी वर्षं खटका ओढला की विषय संपत होता.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत हौसेनं तीन दिवस नळाविना राहिलात, त्यात कौतुक ते काय? बरोबर आहे. मीही तेच म्हणतो. आपल्या भागात हौस नसताना असं राहणारी माणसं कमी आहेत का? मी गंगाखेडच्या शाखेत चार वर्षं होतो. दसरा-दिवाळी झाली की डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघायची. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत. पाच-सहा महिने कारखान्याच्या फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत. नळ नाही, वीज नाही, संडास नाही. बायकांनी अंधारात उठायचं, पाणी लांबून आणायचं, मग ऊस तोडायला जायचं. त्यांच्या कोपीला डम्प स्टेशन नसतं आणि त्यांच्या मुक्कामाला चौदा दिवसांची मर्यादाही नसते. आमची ती सहल होती. त्यांचं ते जगणं आहे. हा फरक विसरून मी इथं फुशारकी मारली तर ते शोभणार नाही.

आणि आपली वारी? शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाताना आपल्या परभणीतून, पुढं गंगाखेडवरून जाते, संत जनाबाईंच्या गावातून. दिंडीबरोबरचा ट्रक आठवा. वर ताडपत्री, आत भांडी, शिधा, तंबू, मागं पाण्याचा टँकर. आरव्ही आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही. त्या टँकरजवळ उभा राहिलेला वारकरी तांब्याभर पाण्यात तोंड धुतो, चूळ भरतो आणि उरलेलं पुढच्याला देतो. त्याला लेजर लागत नाही.

तरुण मंडळींना अशी सफर करायची असेल तर २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलेलं आहे. अशा गाड्या आपल्या राज्यातही भाड्यानं मिळू लागल्या आहेत. डोंगरातलं जंगल बघायचं तर आपल्याला चिखलदरा आहे, १,११८ मीटरवर. त्याच्या खाली मेळघाट, देशातल्या सुरुवातीच्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तिथं मनाला येईल तिथं गाडी लावून झोपता येत नाही, आणि येऊही नये. वाघाचं घर आहे ते. सेमाडोहला, कोलकासला वनखात्याची राहायची सोय आहे, तिथं रीतसर आरक्षण करून जा. मोबाइल बंद ठेवा. रात्री बाहेर येऊन पाच मिनिटं नुसते उभे राहा. आकाशगंगा म्हणजे काय ते दिसेल. पोरांना पुस्तकातलं चित्र दाखवायची गरज राहणार नाही.

आता सचिवांना दिलेला शब्द पाळतो.

मंडळी, आपली इमारत म्हणजे एक मोठी आरव्हीच आहे. खाली एक टाकी, वर एक टाकी, मागं सेप्टिक टँक. फरक एवढाच, की आपल्याला वाटतं बाहेरून जोडणी पक्की आहे. ती आहे का? नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन बोअरपैकी एक बोअर मार्चमध्येच दम सोडतो. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तो आला की जिन्यात भांडणं होतात. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रेल्वेनं पाणी येणं ही बातमी म्हणून ठीक, योजना म्हणून नव्हे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव येणार आहेत. त्यांना माझा जाहीर पाठिंबा आहे, आणि तो का, ते सांगतो.

पहिला, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर. काही जणांना वाटतं हा अविश्वास आहे. अहो, पासबुक म्हणजे खातेदारावर अविश्वास असतो का? शिल्लक दिसली की माणूस आपोआप शहाणा होतो. सात वर्षांच्या पोरीला जे तीन दिवसांत जमलं, ते आपल्याला जमेल. दंडाची भाषा नको. दर महिन्याला नोटीस बोर्डावर आकडे लावा, एवढंच पुरे.

दुसरा, गच्चीवरचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडणं. हिशेब मी मांडून आणला आहे. गच्ची पाचशे चौरस मीटर धरा, वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटर धरा, त्यातला वीस टक्के वाया गेला असं धरा. तरी तीन लाख वीस हजार लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर. आज ते सगळं पाणी गेटसमोर तळं करतं, त्यात आपल्याच गाड्या अडकतात आणि मे महिन्यात आपण पैसे देऊन टँकर बोलावतो. ठेव बुडवून कर्ज काढण्यासारखंच झालं हे.

तिसरा ठराव सेप्टिक टँकचा. यावर मी थोडं कडक बोलणार आहे. टँक उपसायला माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. स्वस्तात करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना गेटवरूनच परत पाठवायचं. यंत्राची गाडी येईल, तिचं जे बिल होईल ते आपण वाटून भरू. आत विषारी वायू असतो, माणूस दोन मिनिटांत जातो. नळी हातात धरल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे: आपली घाण दुसऱ्याच्या जिवावर स्वस्त होता कामा नये. या ठरावावर मतदानाची वेळच येऊ नये, टाळ्यांनी मंजूर व्हावा, अशी माझी विनंती आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा बोअरला साठ फुटांवर पाणी लागलं होतं. पेढे वाटले होते, काही जणांना आठवत असेल. तेव्हाच्या बायकांनी बोअरची ओटी भरली होती. आज तीच मोटर किती खोल सोडली आहे ते आपल्या वॉचमनमामांना विचारा. सुवर्णमहोत्सवाला माझ्या वयाचे आम्ही कुणी नसू. मागं सतरंजीवर बसलेली ही लेकरं तेव्हा इथल्या कार्यकारिणीत असतील. त्यांच्या हाती आपण ओपनिंग बॅलन्स काय ठेवणार, एवढा एकच प्रश्न सभेला येताना मनात घेऊन या.

बोलता बोलता अर्धा तास होऊन गेला. चहाचं पातेलं उतरल्याचा वास येतोय. पेले विसळताना नळ बारीक ठेवा, एवढं सांगतो आणि आपली रजा घेतो.